थोरल्या लेकरांना दाराबाहेर का उभे करता?



या वेळचा लेख काहींना झोंबेल. कौटुंबिक प्रार्थनेनंतर चहा घेताना हा विषय दोनतीनदा निघाला आणि प्रत्येक वेळी कोणीतरी हसून तो बदलला. म्हणून आता लिहूनच टाकते.

मंडळीच्या सेवेचा भाग म्हणून मी गरोदर भगिनींबरोबर दवाखान्यात जाते. घडियाळी पोळ, मांडवी, दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या बडोद्यातल्या गल्ल्यांमधून रिक्षा काढायची, नंबर लावायचा, पाण्याची बाटली धरून बसायचे, एवढेच काम. पण बाकावर बसून बसून माणसाला पुष्कळ दिसते. आई आत गेलेली असते. नवरा आत. कधी सासूबाईही आत. आणि बाहेर बाकावर घरातली थोरली लेकरे. हातात वेफर्सचे पाकीट आणि मोबाइल. त्यांना सांगितलेले असते, "आईचं पोट दुखतंय, डॉक्टर बघतायत."

सात-आठ वर्षांच्या मुलीला हे पटत नाही. पोट दुखणाऱ्या आईला घरात रोज दूध-बदाम मिळत नाहीत, हे तिला कळते. आजी हलक्या आवाजात फोनवर काय बोलते तेही तिला ऐकू येते. मग दार उघडते, मोठी माणसे बाहेर येतात आणि ती मुलगी सगळ्यांचे चेहरे वाचत राहते. तिला कोणीच काही सांगत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. घरात नवे बाळ येणार असेल तर थोरल्या लेकरांना ते खरे सांगा. डॉक्टरांची परवानगी असेल तर एखाद्या सोनोग्राफीच्या शेवटच्या पाच मिनिटांत त्यांना आत घ्या, पडद्यावरचे आपले भावंड पाहू द्या. परवानगी नसेल तर बाहेर आल्यावर हातात ते चित्र द्या आणि नीट समजावून सांगा. ख्रिस्ती घराने एवढे तरी केलेच पाहिजे. याला जे आक्षेप मी ऐकले आहेत, ते एकेक घेते.

पहिला आक्षेप: "कायद्याने बंदी आहे."

नाही. कायदा काय सांगतो ते नीट पाहा. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. त्याआधी १९८८ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता. असा कायदा करणारे देशातले ते पहिले राज्य. पोटातले बाळ मुलगा की मुलगी हे डॉक्टरने बाईला, तिच्या नातेवाइकांना किंवा आणखी कोणालाही शब्दाने, खुणेने वा कोणत्याही प्रकारे सांगायचे नाही, असे हा कायदा म्हणतो. सांगणारा गुन्हेगार आणि विचारायला जाणारे घरचेही गुन्हेगार. विचारणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. बाळाचे हृदय कसे धडधडते हे त्याच्या बहिणीला दाखवू नका, असे मात्र कायद्यात कुठेही नाही.

काही केंद्रांनी "पेशंटबरोबर एकच व्यक्ती" किंवा "लहान मुलांना आत प्रवेश नाही" असा आपला नियम केलेला असतो. खोली लहान असते, यंत्र महाग असते, डॉक्टरांना एकाग्रता लागते. तो नियम आपण पाळायचाच. पण केंद्राचा नियम हा कायद्याचा नियम आहे असे मुलांना सांगायचे कारण नाही. पुष्कळ डॉक्टर आधी विचारले तर शेवटी दोन मिनिटे मुलांना बोलावतात. आपण विचारतच नाही.

आणि गंमत बघा. सोनोग्राफीच्या आधी जो फॉर्म एफ भरून घेतात, त्यात त्या बाईला किती मुलगे, किती मुली आणि त्यांची वये काय, हे लिहावे लागते. म्हणजे सरकारच्या कागदावर आपली थोरली लेकरे खोलीत आधीच पोहोचलेली असतात. हा रकाना कशासाठी आहे? दोन मुलींनंतरची तिसरी खेप असेल तर डोळ्यांत तेल घालून बघावे, म्हणून. त्या दोन मुलींची नोंद सरकारला घ्यावी लागते, आणि आपण त्यांना वेफर्स देऊन बाहेर बसवतो!

दुसरा आक्षेप: "लहान मुलांना काय कळतं?"

निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात जा. मोशे तीन महिन्यांचा होईपर्यंत आईने त्याला लपवले, मग लव्हाळ्याच्या पेटीत घालून नदीच्या काठी ठेवले. त्याचे काय होते ते बघायला दूर कोण उभे राहिले? त्याची बहीण. त्या अध्यायात तिचे नावही दिलेले नाही. आपण तिला मिर्याम म्हणून ओळखतो. तिला घरच्यांनी सगळे खरे सांगितले होते. भाऊ कुठे आहे, धोका कोणाचा आहे, हे तिला माहीत होते. म्हणूनच फारोची मुलगी आली तेव्हा ती पुढे जाऊन नेमके बोलली आणि बाळासाठी त्याच्याच आईला दाई म्हणून घेऊन आली. योखबेदने जर तिला "तुला काय कळतं, जा खेळ" म्हटले असते, तर नदीकाठी कोण उभे राहिले असते?

आता दुसरे उदाहरण. लूकच्या पहिल्या अध्यायात मरिया अलीशिबेच्या घरी येते. अलीशिबेला तेव्हा सहावा महिना. मरियेचा आवाज कानी पडताच पोटातले बाळ उडी मारते. आज डॉक्टर सांगतात की साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ बाहेरच्या आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. घरात रोज ऐकू येणारा दादाचा, ताईचा आवाज त्याच्या ओळखीचा होतो. नाते जन्माआधीच सुरू होते. बाळ आपल्या बहिणीला ओळखू लागले आहे आणि बहिणीला मात्र पोट दुखतंय असे सांगितले आहे, हा कुठला न्याय?

विसाव्या आठवड्यात ते लेकरू डोक्यापासून टाचेपर्यंत साधारण पंचवीस सेंटीमीटर असते. शाळेच्या फूटपट्टीपेक्षा थोडे कमी. तिसरीतल्या मुलाला फूटपट्टी दाखवून हे सांगा आणि मग स्तोत्र १३९ वाचा, जिथे दावीद म्हणतो की देवाने त्याला आईच्या उदरात घडवले. संडेस्कूलमध्ये आम्ही हे स्तोत्र पाठ करून घेतो. लेकरे घडाघडा म्हणतात. त्याचा अर्थ डोळ्यांनी पाहायची संधी घरात चालून येते आणि आपण ती वेफर्सच्या पाकिटात घालवतो.

तिसरा आक्षेप: "आधी सांगू नये, दृष्ट लागते."

हे मी ख्रिस्ती घरांतून ऐकते म्हणून लिहिते. रविवारी आपण प्रभूभोजन घेतो आणि सोमवारी दृष्टीला भितो. पहिले तीन महिने जगाला न सांगणे ही वेगळी गोष्ट. त्या काळात गर्भ टिकेल की नाही याची खात्री कमी असते, म्हणून आई गप्प राहिली तर तिचा तो हक्क आहे. पण पाचव्या महिन्यातही घरातल्या लेकरापासून लपवायचे आणि कारण दृष्टीचे द्यायचे, याला विश्वास म्हणत नाहीत.

याच्याच जोडीला आणखी एक खोड आहे. घरातल्या दोन-तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन सगळे विचारतात, "आईच्या पोटात काय आहे? भाऊ की बहीण?" लेकराच्या तोंडून खरे निघते म्हणे. ते "भाऊ" म्हणाले की टाळ्या. "बहीण" म्हणाले की, "नाही नाही, नीट सांग." शकुन बघणे देवाच्या लोकांना मना आहे. मग हा शकुन नाही तर काय आहे? ज्याला "लहान आहे, काय कळतं" म्हणून दाराबाहेर ठेवले, त्याच्याच तोंडून भविष्य वदवून घ्यायचे? आणि मांडीवरचे ते लेकरू मुलगी असेल तर? "बहीण नको" हे ती कोणाच्या तोंडून ऐकते? आपल्याच.

चौथा आक्षेप खरा आहे, आणि त्याला मी मान देते: "आत काही वाईट निघाले तर?"

सोनोग्राफी ही तपासणी आहे. अठरा ते बावीस आठवड्यांत होणाऱ्या मोठ्या सोनोग्राफीत डॉक्टर मेंदू, पाठीचा कणा, हृदय, मूत्रपिंडे सगळे बघतात. कधी कधी दोष दिसतो. पहिल्या महिन्यांत कधी हृदयाचे ठोकेच सापडत नाहीत. अशा वेळी आईचा चेहरा पांढरा पडलेला असताना शेजारी चिमुकले लेकरू उभे असू नये, हे मला मान्य आहे. म्हणून मी म्हणते की पहिल्या सोनोग्राफीला मुलांना नेऊ नका. मोठ्या सोनोग्राफीतही आधी डॉक्टरांना त्यांचे काम शांतपणे करू द्या. सगळे ठीक आहे असे ते म्हणाले की मगच मुलांना बोलवा. बाहेर मुलांबरोबर एक मोठे माणूस असू द्या, म्हणजे बोलवायचे नसेल तर तेच त्यांना घरी नेईल. आणि केवळ मुलांना दाखवायला म्हणून जास्तीची सोनोग्राफी मागू नका. ती हौसेची गोष्ट नव्हे.

पण या आक्षेपाची दुसरी बाजू कोणी बघत नाही. ज्या घरात बाळ गेले, त्या घरातल्या थोरल्या लेकरांचे काय होते? त्यांना बाळ येणार हेच सांगितले नव्हते, म्हणून ते गेले हेही सांगता येत नाही. आई महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपते. लेकराला वाटते, माझ्यावर रागावली. काहींना तर वाटते, माझ्यामुळे झाले. त्याला दुःख नको म्हणून आपण गप्प राहिलो आणि त्याला एकट्याने भलतेच दुःख वाहायला लावले. लाजराच्या कबरेपाशी येशू सर्वांदेखत रडला. दुःख घरात उघडपणे वाटून घ्यायला तो शिकवतो.

आता मूळ दुखण्याकडे येते. हे चारही आक्षेप वरवरचे आहेत. थोरल्यांना बाहेर ठेवण्याचे खरे कारण पुष्कळ घरांत वेगळे असते. थोरल्या मुली असतात आणि मोठी माणसे या खेपेला मुलग्याची वाट बघत असतात. मुलींसमोर ते बोलवत नाही. म्हणून मुली बाहेर.

"आमच्यात असलं काही नसतं," हे मी शंभरदा ऐकले आहे. आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे देशात ९१९ मुली होत्या. गुजरातेत ८९०, महाराष्ट्रात ८९४. देशभरातल्या ख्रिस्ती समाजात ९५८. निसर्गाने होणारे प्रमाण साधारण ९५० च्या आसपास असते, म्हणजे ख्रिस्ती समाज एकूण बरा दिसतो. देवाची स्तुती असो. पण दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, आपला आकडा ९६४ होता. तोही घसरलाच. आणि आपण ज्या दोन राज्यांत नांदतो, तिथली हवा आपल्या घरात शिरत नाही असे कोण म्हणेल?

या गावाला तर हा इतिहास नवा नाही. १८०७-०८ च्या सुमारास बडोद्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल वॉकर याने काठियावाडातल्या जाडेजा सरदारांकडून, नवजात मुलींना मारणार नाही, असे लेखी करार घेतले होते. मुलीला दुधात बुडवून मारायचे आणि त्याला "दूधपीती" असे गोड नाव द्यायचे, ही ती चाल. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये इंग्रजी पुस्तकातून जगाला मुलींच्या या हत्येविषयी सांगितले. आणि याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी आधी १८९३ मध्ये अमरेलीकडे आणि मग १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मुलींनाही. म्हणजे मुलींना दाराबाहेर ठेवणारी माणसे इथे होती आणि त्यांच्यासाठी दार उघडणारीही होती. आपण कोणाच्या रांगेत उभे आहोत, ते आपण ठरवायचे.

सोनोग्राफीचे यंत्र दोषी नाही. स्कॉटलंडच्या ग्लासगोमध्ये डॉ. इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धातूतल्या भेगा शोधायच्या कारखान्यातल्या यंत्रावरून हे तंत्र माणसाच्या पोटासाठी वापरायला सुरुवात केली आणि १९५८ मध्ये त्यावरचा लेख छापला. आई आणि बाळ वाचावे म्हणून ते आले. त्याच यंत्राने मुली शोधून मारता येतात हे माणसाच्या मनाने शोधले. शेवटी पुण्या-मुंबईच्या मासूम आणि सेहत या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांना २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कुठे कायद्याची अंमलबजावणी हलली. मंडळ्यांनी त्या वेळी किती आवाज उठवला, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

निर्गमच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी आहेत. फारोचा हुकूम होता की बाळंतपणाच्या वेळी बघायचे आणि मुलगा असेल तर मारायचे. त्यांनी देवाचे भय धरले आणि बघून मारायला नकार दिला. पवित्र शास्त्राने त्या फारोचे नाव ठेवले नाही, पण या दोन सुइणींची नावे ठेवली. इथे मुलग्याच्या जागी मुलगी घाला आणि मग सांगा, आजची शिप्रा कोण? दारावर कायद्याची पाटी लावून आत प्रामाणिकपणे गप्प राहणारा डॉक्टर शिप्राच्या बाजूचा आहे. त्याला लाडीगोडीने "पेढे आणू की बर्फी?" विचारणारा ख्रिस्ती बाप कोणाच्या बाजूचा?

आता आपल्या प्रार्थनांविषयी. पाळकसाहेब, वडीलजन, भगिनी मंडळाच्या ताया, रागावू नका. गरोदर भगिनीच्या डोक्यावर हात ठेवून "प्रभू, या वेळी पुत्ररत्न दे" अशी प्रार्थना आपल्यात होते. त्याच सतरंजीवर तिच्या दोन मुली डोळे मिटून, हात जोडून बसलेल्या असतात. त्यांनाही "आमेन" म्हणायला लावतो आपण! स्वतः नकोशा होतो या गोष्टीला आमेन! हन्नाने मुलगा मागितला होता, असे उत्तर मला मिळेल. हन्ना निपुत्रिक होती. तिच्या मांडीवर दोन लेकी बसलेल्या नव्हत्या. त्यापेक्षा गणनाचा सत्ताविसावा अध्याय वाचा. सलाफहादला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. त्या मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि वतन मागितले. परमेश्वराने मोशेला सांगितले की या मुली बरोबर बोलत आहेत. पाचही नावे वचनात लिहिली गेली. आपण मुलींना मंडळीपुढे उभे करायचे सोडा, सोनोग्राफीच्या खोलीतही उभे करत नाही.

म्हणून या लेखाचा आग्रह एका खोलीपुरता नाही. थोरल्या मुलीला आत घेणे म्हणजे तिला सांगणे की तू आल्यावर या घराने दार लावून घेतले नव्हते. तुझ्या वेळीही असेच ठोके ऐकले, तुझ्यासाठीही असेच डोळे भरले. पडद्यावर धडधडणारे ते छोटे हृदय मिनिटाला ११० ते १६० ठोके देत असते आणि त्या ठोक्यांवरून मुलगा की मुलगी कळत नाही. देवाला ते हृदय आधी दिसते. तुमच्या लेकरांनाही आधी तेच दिसू द्या.

काय करायचे ते थोडक्यात सांगते. जायच्या आधी केंद्रात फोन करून विचारा. नाही म्हणाले तर वाद घालू नका. पाच वर्षांखालचे मूल अंधाऱ्या खोलीत कंटाळते किंवा घाबरते, त्याला घरी चित्र दाखवा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला संकोच वाटेल, त्यांना आधी विचारा, ओढून नेऊ नका. आईचीही इच्छा विचारा. पोट उघडे टाकून झोपलेली ती आहे, तिला नको असेल तर विषय तिथेच संपला. आत गेल्यावर "भाऊ की बहीण" हा प्रश्न कोणीही काढायचा नाही, मुलांनीही नाही. त्यांना आधीच सांगून ठेवा की डॉक्टरकाका किंवा डॉक्टरताई हे सांगत नाहीत, आणि का सांगत नाहीत तेही सांगा. दहा वर्षांच्या मुलाला हे कळते. उलट त्याने हे याच वयात ऐकावे, कारण उद्या तोच बाप म्हणून त्या खोलीत उभा राहणार आहे.

आणि घरी आल्यावर बाळासाठी पहिली प्रार्थना थोरल्या लेकराला करू द्या. त्याचे शब्द दुरुस्त करू नका.

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांला आईच्या उदरात घडवलेस आणि घडवताना मुलगा-मुलगी असा भेद धरला नाहीस. आमच्या घरांत ज्या लेकी दाराबाहेर वाट बघत बसल्या आहेत, त्यांना आत बोलावण्याची बुद्धी आम्हांला दे. येणाऱ्या प्रत्येक बाळाला, आणि जे आले नाही त्या प्रत्येक बाळालाही, तू नावाने ओळखतोस. आमच्या जिभेवरचे शकुन आणि आमच्या प्रार्थनांतला भेदभाव काढून टाक. येशूच्या नावाने मागतो. आमेन.